विनाथांबा लांजेवार

चारधाम करून आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? दर्शन कसं झालं, थंडी किती होती, घोडा केला की पायीच चढलात. आमच्या शेजारचे लांजेवार भाऊजी एकच शब्द विचारतात, “कितीत?”

म्हणजे किती वेळात. पैशाशी त्यांना काही घेणंदेणं नाही. माझी सख्खी जाऊ हातात गंगेचा गडू घेऊन दारात उभी, गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडताहेत, आणि हे गृहस्थ कुंपणावरून मान काढून विचारतात, “कितीत आले वं बाई?” जाऊ भोळी. म्हणाली, तीन आठवडे लागले. भाऊजींना तिची मनापासून कीव आली. “मधात थांबले असान,” असं म्हणून त्यांनी मान आत घेतली.

मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत आमची आणि लांजेवारांची भिंत एकच आहे. त्यांच्या घरची फोडणी आमच्याकडे आणि आमच्या घरची भांडणं त्यांच्याकडे, असा जुना व्यवहार आहे. नामदेवराव लांजेवार हे त्यांचं पूर्ण नाव. उभं आयुष्य एका औषध कंपनीत एमआर म्हणून गेलं. खांद्याला काळी बॅग, खाली मोटारसायकल आणि पुढं अख्खा विदर्भ. सकाळी यवतमाळचे डॉक्टर, दुपारी वर्ध्याचे, आणि जेवायला माणूस घरी हजर. आता निवृत्त झाले. बॅग माळ्यावर गेली, मोटारसायकल मात्र खालीच राहिली.

“वैनी, मी रस्त्यावर जोरात पळालो अन् डॉक्टरच्या दारात बसून राहिलो,” ते सांगतात. “पेशंट आत जाते, पेशंटचा साळा आत जाते, एमआर बाहेर बसून राहते. माह्या वाटणीचं सारं थांबणं मी नोकरीतच संपवलं. आता शिल्लक नाही.”

जगातली माणसं त्यांच्या हिशेबी दोनच प्रकारची. एक चालते, दुसरे थांबे. “तुमचे मिस्टर थांबे आहेत वैनी, वाईट नका वाटून घेऊ,” असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. मी कशाला वाईट वाटून घेऊ? खरंच आहे ते. आमचे हे दूध आणायला गेले की पानठेल्यावर थांबतात, न्हाव्याकडचा पेपर वाचतात, कोणाच्या तरी खोदलेल्या बोअरचं पाणी लागलं का ते पाहतात, आणि घरी येईस्तोवर दुधाचं दही होतं. माझी जीभ तिखट आहे असं हे म्हणतात. असा नवरा असल्यावर कोणाची गोड राहील?

भाऊजींना तुम्ही अंतर विचारा, ते वेळ सांगतात. किराणा दुकान? दीड मिनिट. उमरेड? पाऊण तास, मधात बैल नाही आला तर. एकदा एका परक्या बाईनं त्यांना गणपतीच्या देवळाचा पत्ता विचारला. “सहा मिनिट,” भाऊजी म्हणाले आणि निघून गेले. ती बिचारी कितीतरी वेळ चौकात उभी होती, कोणत्या दिशेला सहा मिनिटं ते काही तिला कळेना. शेवटी मी तिला नेऊन सोडलं.

लांबच्या प्रवासाचे त्यांचे नियम कडक. आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी, कारण पाणी म्हणजे थांबा. चहा तर वर्ज्यच. “चहा दोन मिनिटाचा नसते वैनी. उतरा, हेल्मेट काढा, कट सांगा, मंग तो भैताड दूध आणाले जाते. तेवढ्यात माणूस कारंजा पार करते.” जेवणासाठी त्यांनी शिंप्याकडून जाकिटाला छातीवर आडवा लांब खिसा शिवून घेतलाय. त्यात झुणका भरलेल्या पोळीची गुंडाळी. रेल्वेचं फाटक लागलं की गाडी बंद करायची, गुंडाळी काढायची, मालगाडी जाईस्तोवर जेवण आटोपायचं. आता ठिकठिकाणी उड्डाणपूल झाले. सगळं जग खूश, भाऊजी चिडलेले. “जिकडं तिकडं पूल बांधून ठेवले. माणसानं जेवाव कुठी?”

एका रविवारी ह्यांना काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, भाऊजींच्या मागं बसून रामटेकला दर्शनाला गेले. माझा स्वयंपाक व्हायच्या आत दोघं परत. मी विचारलं, “झालं दर्शन?” हे पलंगावर आडवे पडले, डोळे मिटले आणि म्हणाले, “मला देव मनसरच्या वळणावरच दिसला.” त्यानंतर त्यांनी भाऊजींच्या मोटारसायकलला हात लावला असेल तर शपथ.

मध्यंतरी भाऊजींनी कंबर धरली. मीच त्यांना ओढत रामदासपेठेतल्या एका हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, हसऱ्या तोंडाचा. त्यानं विचारलं, “दुखणं साधारण कुठून सुरू होतं काका?”

“मेहकरपासून,” भाऊजी म्हणाले.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

“जालन्याले जरासं कमी होते,” भाऊजींनी पूर्ण माहिती दिली. “नगरच्या पुढं मंग काही समजतच नाही.”

आणि तो समृद्धी महामार्ग! नागपूरहून निघालेला गुळगुळीत नवा रस्ता, कारवाले वाऱ्यासारखे जातात, पण मोटारसायकलला तिथं मनाई. भाऊजी तरीही गेलेच. गेटवरच्या पोट्ट्यानं हात आडवा केला. “काका, टू-व्हीलर चालत नाही इथं.” “काहून?” “नियम आहे.” “अरे बावा, मी या कारवाल्याइच्या आधी पोचून दाखवतो.” तो म्हणाला, “म्हणूनच नाही काका.” तेव्हापासून त्या रस्त्यानं कोणी आलं आणि कौतुकानं आपला वेळ सांगू लागलं की भाऊजी त्याला पुरतं बोलू देत नाहीत. “तुमाले रस्त्यानं आणलं. तुम्ही काय केलं?”

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला एवढं पळून जायचं तरी कुठं असतं? पुण्याला.

पुण्याला त्यांची एकुलती एक लेक आहे, पल्लवी. चार वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं प्रवास करू नको म्हणून बजावलं. तेव्हा लेकीऐवजी आईच निघाली. आई म्हणजे शकू, भाऊजींची बायको आणि माझी जिवाभावाची मैत्रीण. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. लोणच्याची बरणी माझ्याकडे ठेवून गेली, म्हणाली, आल्यावर नेते. मग ओवी झाली. मग पल्लवीची रजा संपली. मग पाळणाघरातली बाई पसंत पडेना. मग ओवीचा कान फुटला, मग दात आले, मग अजून काही. ते लोणचं आम्ही केव्हाच खाऊन संपवलं. ओवी आता शाळेत जाते, कविता म्हणते, फोनवर आजोबांना दटावते. शकू दिवाळीला चार दिवस येते आणि जाते.

“शकू कधी येते हो परत?” मी अधूनमधून विचारायची.

“बाळंतपण चालू आहे ना वैनी.”

“अहो भाऊजी, ते बाळ डबा घेऊन शाळेत जातं आता!”

“मंग? बाळंतपणाले गेली ना ती? आटोपलं असं कोणी सांगितलं का मले? नाही सांगितलं. म्हणजे चालू आहे.”

पहिल्यांदा मी पोट धरून हसले. गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं. पुढं पुढं मात्र हसू येईना. बाळंतपण आटोपलं म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, मग बायको घरी का येत नाही? त्या प्रश्नाचं उत्तर भाऊजींकडे नव्हतं, म्हणून ते बिचारे बाळंतपणच लांबवत होते.

“मग तुम्हीच जाऊन राहा की पुण्याला,” मी म्हणायची. तर तिथं रीत आडवी. लांजेवारांच्या घरात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जेवा, पाणी प्या, नातवंडं खेळवा, पण लेकीच्या घरचं अंथरूण घ्यायचं नाही. भाऊजींच्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं. मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्या आजोबांची लेक शेजारच्या गावात दिली होती. बैलगाडीत बसून गेले, जेवून परत आले. तुमची लेक पुण्यात आहे. काही अक्कल?” भाऊजी म्हणाले, “म्हणूनच तर जोरात जावं लागते ना वैनी.”

दर महिन्याला ही स्वारी सकाळी निघायची. अमरावती, कारंजा, मेहकर, जालना, संभाजीनगर, नगर करत रात्री लेकीच्या दारात. हॉलमध्ये खुर्चीवर बसायचं, झोपेतल्या ओवीला मांडीवर घ्यायचं, शकूच्या हातचं जेवायचं आणि उठायचं. जावई चांगला आहे हो, अगदी हात जोडायचा, बाबा इथंच झोपा. “नाही जावाईबापू, आमच्यात जमत नाही.” मग जवळच्याच एका लॉजवर जाऊन पडायचं आणि सकाळी नागपूरची वाट धरायची. मी ट्रेननं जा म्हटलं तर, “ट्रेन थांबते.” संपला विषय.

एकदा गल्लीत पेढे वाटत आले. मला वाटलं, पल्लवीला मुलगा झाला की काय. पण नाही, पुणे साडेबारा तासांत मारलं होतं. आधीपेक्षा तासभर कमी. मी कपाळाला हात लावला. “काय मिळालं हो एवढं करून? हाडं खिळखिळी केलीत!”

भाऊजी माझ्या हातावर दुसरा पेढा ठेवत म्हणाले, “ओवी जागी होती वैनी. अन् शकूनं गरम भाकर टाकली. नाहीतर मी जातो तवा झाकून ठेवलेलीच असते.”

त्या दिवशी मी त्यांना पुढं काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

यंदा संक्रांतीनंतर उमरेडला शकूच्या भावाच्या मुलाचं लग्न निघालं आणि शकू आठ दिवसांसाठी आली. आल्या दिवशीच माझ्या ओट्यापाशी येऊन बसली, माझ्या पुढ्यातली मेथी ओढून निवडायला लागली. तिचं असंच आहे, हातात काम असल्याशिवाय तिला बोलता येत नाही.

“पल्लवीनं मोठा फ्लॅट घेतला वं,” ती म्हणाली. “माह्यासाठी अलग खोली केली. म्हणते, आता इथलं आवरून तिकडंच ये. बाबालेही आण. पण याची रीत तुले माहीतच आहे. हा येत नाही.”

“अन् तू?”

“माही तर पंचाईत आहे. पल्लवीची सासू आता रिटायर झाली. तिले नातीले सांभाळाची लय हौस आहे. मी नाही म्हटलं तर ती आनंदानं येईन. म्हणजे अडलं काहीच नाही.” मेथीच्या काड्यांसोबत ती पानंही फेकत होती. “पण यानं एकदा तरी म्हणावं ना वं, नको जाऊ म्हणून. चार वर्षांत नाही म्हटलं. दर खेपेले मी विचारते, जाऊ ना? तर म्हणते, जा ना, पुणे काय, साडेबारा तास. जसं काही मी भाजी आणाले चालली!”

“मग तूच सांग, मला इथं राहायचंय.”

“मी काहून सांगू? ज्याच्या घरात राहाचं त्यानं बोलवाव. माही काही इज्जत आहे का नाही?”

आता सांगा, काय करावं अशा माणसांचं? दोघांचे दोन कान धरून एका खोलीत कोंडावं असं मला वाटलं. यावेळी ती गेली की कायमची जाणार होती. कपाटातल्या साड्या बांधल्या, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घेतली. बाई देव घेऊन निघाली म्हणजे आणखी काय उरलं?

मी सरळ भिंतीपाशी गेले. भाऊजी अंगणात मोटारसायकल पुसत होते. “भाऊजी, तुम्हाला काही बोलायचं असेल तर आज बोला. मग उगाच माझ्या डोक्याशी येऊ नका.”

“काय बोलाचं वैनी? पोरीले गरज आहे आईची.”

“आणि तुम्हाला?”

भाऊजी पुसलेलंच मडगार्ड पुन्हा पुसायला लागले. मला इतका राग आला की मी आत येऊन ह्यांना बोलले. ह्यांचा काही संबंध नव्हता, पण हे घरात होते.

शकूची गाडी संध्याकाळची होती. सामान चार नग, त्यातला एक निव्वळ पापड-कुरड्यांचा. मी म्हटलं, आपण दोघी ऑटोत बसू. तर भाऊजी म्हणाले, “शकू माह्या मागं बसन. ऑटोचा काही भरवसा नसते. तुम्ही सामान घेऊन व्हा पुढं, मी तुमाले मेडिकल चौकातच मागं टाकतो.” बरं, म्हटलं. या माणसाला बायकोला पोचवायचीही घाई! दात-ओठ खातच मी ऑटोत बसले.

मेडिकल चौक आला, गेला. भाऊजी काही मला मागं टाकेनात. मी मान वळवून वळवून पाहत होते. म्हटलं, दुसऱ्या रस्त्यानं पुढं गेले असतील, फलाटावर उभे राहून मलाच विचारतील, एवढा उशीर काहून? स्टेशनवर पोचले, हमाल केला, फलाटावर आले. तिथं गाडी उभी. लांजेवार नाहीत.

शकूला फोन लावला. माझ्याच काखेतल्या पर्समध्ये तो वाजला, कारण तिनं पर्सही माझ्याजवळ दिली होती. भाऊजी चालवताना फोन घेत नाहीत, तो थांबा होतो. आता आली का पंचाईत? सामान गाडीत ठेवू की नको? ठेवलं आणि ती आली नाही, तर पापड एकटे पुण्याला जाणार. नाही ठेवलं आणि ती ऐनवेळी धावत आली तर? शेवटी ठेवलं. सीटवर बसलेल्या एका भल्या माणसाला म्हटलं, “दादा, जरा लक्ष द्या, बाई येऊन राहिली.” माझ्या तोंडून घाबरलं की नागपुरी येते. इतक्यात गाडीनं शिटी मारली. मी जी काय किंचाळले! त्या भल्या माणसानं एकेक नग दारातून माझ्याकडे फेकला, मी आणि हमालानं झेलला, शेवटची कुरड्यांची पिशवी चालत्या गाडीतून आली. गाडी गेली. मी चार नगांच्या मधोमध उभी, केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि अख्खा फलाट माझ्याकडे पाहतोय.

पार शुकशुकाट झाल्यावर जिन्यावरून जोडपं उतरलं. एकेक पायरी, सावकाश. भाऊजींच्या हातात हेल्मेट, शकूच्या हातात बोरांची पुडी. बोरं खात उतरत होती ती!

“कुठं होतात?” मी ओरडले.

“ट्रॅफिक लय होती वैनी,” भाऊजी माझ्या चपलांकडे बघत म्हणाले.

“मी त्याच रस्त्यानं आले. ऑटोनं. चार नग घेऊन.”

“मंग हवा भरली.”

“हवा भरली, पेट्रोल भरलं,” शकू म्हणाली, “मंग रसवंतीवर थांबलो.”

“कोण थांबलं?”

“हेच थांबले. म्हणे, रस पेते का? मी दोन गिलास पेली. मंग गांधीसागर तलावाले चक्कर मारली. एक इकडून, एक तिकडून. शाळेच्या पोरी सायकलवर आमच्या पुढं निघून गेल्या वं.”

“आणि तू गप्प बसलीस? हातात घड्याळ नाही तुझ्या?”

शकूनं घड्याळावर पदर ओढून घेतला. गाल मात्र लाल झाले होते तिचे, साठी उलटलेल्या बाईचे.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. पल्लवी होती. मी तो शकूच्या हातात कोंबला. “बसलीस का आई?” “नाही वं, गाडी चुकली.” “अगं, चुकली कशी? बाबा होते ना सोडायला?” “हो,” शकू म्हणाली. “बाबाच होते.” “बाबांनी गाडी चुकवली?” तिचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला.

भाऊजी फलाटावरच्या बाकावर बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं आणि उगाच त्याची काच वर-खाली करू लागले.

“पुण्याले जाताना घाई असते वैनी मले,” ते म्हणाले. “आज काहून घाई करू? आज तर मी हिले सोडाले येऊन राहिलो होतो.”

मग मान वर न करता ते म्हणाले, “शकू, नको जाऊ ना वं. मले करमत नाही घरात. तू गेली तसं एक दिवस नाही करमलं.”

शकूच्या डोळ्यांत टच्चकन पाणी आलं, आणि त्याच वेळी ती हसायला लागली. “एवढंसं म्हणाले चार वर्षं लागले तुमाले?”

“तू तरी कुठी विचारलं?”

“मी विचाराचं? दर खेपेले जाऊ ना, जाऊ ना म्हणत होती, ते काय होतं मंग?”

“मले वाटे तुले जायाचंच आहे.”

“मले वाटे तुमाले काही फरकच पडत नाही!”

आणि लागले ना दोघं भांडायला. फलाटावर, भर माणसांत, थेट आमच्या भिंतीपलीकडून चार वर्षांपूर्वी यायचा त्याच आवाजात. मला रडू आलं. त्यात लाज कसली? मी मिळेल त्या पिशवीवर बसले आणि पदर तोंडाला लावून चांगली मोकळी रडले. उठल्यावर पाहिलं तर ती कुरड्यांची निघाली.

शकूनं तिथूनच पल्लवीला फोन लावला. सासूबाईंना येऊ दे म्हणाली, मी उन्हाळ्यात येईन, आणि तुझे बाबाही चांगले पंधरा दिवस राहायला येतील. भाऊजी दचकले. शकूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बस. भाऊजींनी घसा खाकरला. “येईन,” म्हणाले. “पण खाली सतरंजीवर झोपीन. मनाई अंथरुणाले आहे, सतरंजीबद्दल आमच्या बापानं काही सांगितलं नाही.”

परत निघालो. सामान आणि मी पुन्हा ऑटोत, शकू पुन्हा भाऊजींच्या मागं. यावेळी तेच पुढं होते. रस्ता रिकामा, तरी मोटारसायकल अशी चालली होती की पायी जाणाऱ्यानंही हात दाखवून थांबवावी. मधेच भाऊजी मान वळवून शकूला काहीतरी सांगायचे, शकू त्यांच्या खांद्यावर वाकून ऐकायची, वेग आणखी कमी व्हायचा. आमचा ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून वैतागला.

“क्या काका है ये, साइड भी नहीं देते,” तो म्हणाला. “चलाना नहीं आता तो घर में बैठना न! ओव्हरटेक मारू क्या मावशी?”

“नहीं भैया,” मी म्हटलं. “पीछेच रहो. और वो हॉर्न मत बजाओ.”

त्यानं आरशातून माझ्या रडक्या तोंडाकडे पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढला.